जावईबापूंचं ठणठणीत रक्त

भट्टीच्या गल्लीतल्या माणसांचं रक्त इतकं जड झालं होतं, की चावलेल्या डासाला पुन्हा उडता येत नसे. तो बिचारा भिंतीच्या कडेकडेने चालत घरी जाई. हे ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं, कारण पुढे याहून मोठी थापेबाजी आहे, आणि ती सगळी कागदावर, सहीशिक्क्यानिशी झालेली आहे.

भट्टी जुन्या बॅटऱ्यांची. ट्रक भरभरून मेलेल्या बॅटऱ्या यायच्या. बाया-माणसं रांगेने बसून हातोड्यांनी त्यांची टाळकी फोडायची, आतलं तेजाब गटारात ओतायची, काळ्या जाळ्या उपसून टोपल्यांत भरायची, आणि टोपल्या भट्टीवर. तिथे शिसं वितळायचं, साच्यात ओतलं की त्याच्या विटा व्हायच्या. विटा मालकाच्या, धूर सगळ्यांचा. वाटणी एवढी स्वच्छ होती, की त्यावरून कधी कोणाचं भांडण झालं नाही.

फोडणाऱ्यांच्या रांगेत पहिली जागा हातोडेआत्याची. हातोडे हे तिचं आडनाव नव्हे, ते गल्लीने दिलेलं बिरुद. तिच्या हातात हातोडा होताच, तोंडातही एक होता, आणि लोक दुसऱ्याला जास्त भीत. अलीकडे तिचं डावं मनगट लुळं पडायला लागलं होतं. हात पुढे केला की पंजा वाळक्या पानासारखा खाली लोंबायचा. "तो निवृत्त झालाय," आत्या सांगायची. "उजव्याच्या कमाईवर जगतो. आमच्याकडे तशी पद्धतच आहे." हे म्हणताना ती घराच्या दिशेला बघायची, कारण घरात जावईबापू होते.

गल्लीतल्या जुन्या माणसांच्या हिरड्यांवर निळसर रेघ उमटायची. दुसरीकडची माणसं घाबरली असती. भट्टीच्या गल्लीने त्या रेघेवरून मान ठरवला. ज्याची रेघ गडद त्याची बादली नळाखाली आधी. पोटात मुरडा येऊन माणूस आडवा झाला की त्याला 'भट्टीपोट' म्हणायचे, आणि ज्याला भट्टीपोट झालं नाही त्याला शिकाऊ. एवढ्या अभिमानाने विष खाणारी जात दुसरी कुठे सापडायची नाही.

तर जावईबापू. ते सासुरवाडीला पंधरा दिवसांसाठी आले होते. त्यांच्या लेकीचे दुधाचे दात पडायला लागले, तरी ते पंधरा दिवस संपले नव्हते. आत्याची मुलगी परगावी कोणाच्या तरी घरी राहून त्यांची मुलं सांभाळायची आणि पैसे पाठवायची. स्वतःची मुलगी आजीकडे. जावईबापूंना धूर सोसत नसे, म्हणून सकाळी भांग पाडून ते पुलापलीकडे मित्राच्या सलूनमध्ये जात. आरशासमोरच्या बाकावर बसून दिवसभर वर्तमानपत्र वाचत, मित्राच्या डब्यातलं खात, आणि पाठ टेकायला तेवढे गल्लीत येत. त्यामुळे अख्ख्या गल्लीत गुलाबी रंगाचा माणूस हा एकच. बाकी सगळे पाटीच्या रंगाचे.

आणि त्यांची लेक, भिंगरी. सात वर्षांची. चालायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं. पाण्याला जाताना गिरकी, येताना गिरकी, आणि निम्मं पाणी वाटेत. आत्याचा हातोडा जगात फक्त हिच्यापुढे म्यान व्हायचा.

कंपनी रांगेतल्या प्रत्येकाला दुपारी एक पेला दूध द्यायची. दुधाने शिसं धुऊन निघतं, असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्या ते दूध कधी प्यायली नाही. "माझं काय धुवायचं राहिलंय," म्हणायची, आणि पेला आपल्या बरणीत ओतून घरी न्यायची. भिंगरीला पौष्टिक. पत्र्याची बरणी बुडाशी गळायला लागली, तेव्हा आत्याने भट्टीतलं पळीभर ताजं शिसं घेऊन सांधा असा पक्का भरला, की थेंब गळेना. शिशाच्या भट्टीवर काम करून बरणीला डाग द्यायला बाजारात जायचं, एवढी काही ती खुळी नव्हती.

डॉक्टरांचं नाव गल्लीने ठणठणीत डॉक्टर ठेवलं होतं. कोणीही, काहीही घेऊन गेलं तरी ते म्हणत, "ठणठणीत." एकदा एक म्हातारा त्यांच्या बाकावरच वारला, तेव्हाही त्यांच्या तोंडून सवयीने तेच निघालं म्हणतात. या गृहस्थांना रक्त बघवत नसे. आणि वर्षातून दोनदा सगळ्या गल्लीचं रक्त तपासायचं, असा सरकारी हुकूम होता. फोडणाऱ्यांचं आणि त्यांच्या पोरांचंही. मग डॉक्टर काय करत, तर चिठ्ठ्या लावलेल्या रिकाम्या काचेच्या नळ्यांचा ट्रे मुकादमाच्या हातात देऊन मालकाच्या थंडगार खोलीत चहाला जात. सुई टोचायला मुकादम शिकला होता.

ज्याच्या रक्तात शिसं हद्दीबाहेर, त्याला कंपनी विश्रांती द्यायची. म्हणजे घरी बसवायची. कंपनी त्याला विश्रांती म्हणे, गल्ली उपास म्हणे. त्या वर्षी मुकादम ट्रे घेऊन आत्याच्या दारात आला, तो चेहरा पाडूनच.

"आत्या, या खेपेला निम्मी रांग घरी बसणार. तुम्ही तर नक्की. तुमचं रक्त नळीत घातलं तर नळी खाली बसेल."

तेवढ्यात जावईबापू आतून आले. खिशात कंगवा, गालावर तजेला, सलूनला निघालेले. आत्याने त्यांना पायापासून भांगापर्यंत एकदा बघितलं. भाजी घेताना बघतात तसं.

"मुकादम," ती म्हणाली, "नळीतल्या रक्ताला तोंड असतं का हो?"

"म्हणजे?"

"मी अमक्याचं, असं ते सांगतं का?"

"चिठ्ठी असेल त्याचं ते."

"मग हे एवढं मोठं पिंप मी इतकी वर्षं फुकट सांभाळतेय. जावईबापू, बसा जरा. आज तुम्हाला काम आहे."

जावईबापू त्या शब्दानेच पांढरे पडले. पण खुर्ची दिली, बिस्किटांचा पुडा दिला, शेजारच्या बायांनी भोवती उभं राहून 'काय दंड आहे, काय शीर आहे' असं सुरू केलं, तेव्हा त्यांनी बाही वर केली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला त्यांच्यापासून काही हवं होतं. एकामागून एक नळ्या भरत गेल्या. रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या, सातव्या महिन्यातल्या सुनेच्या, रांगत्या पोरांच्या. आत्या चिठ्ठ्या वाचून नळ्या पुढे करत होती. शेवटी भिंगरीची आली.

"हिची भरायला हरकतच नाही," जावईबापू बिस्किट चावत म्हणाले. "नाही तरी हिच्यात निम्मं माझंच आहे."

"म्हणूनच सकाळी उठत नाही," आत्या म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने नळी पुढे धरली.

निकाल असा लागला, की गल्लीत शिसं औषधालाही सापडेना. सगळ्यांचा रक्तगट एक. सगळ्यांची साखर तंतोतंत एक. सातव्या महिन्यातली सून, तिचा सासरा आणि तिचं रांगतं पोर, तिघांचं रक्त हुबेहूब तिशीतल्या पुरुषाचं. ठणठणीत डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. कारखान्यात एका कुटुंबासारखं वातावरण असल्याचा हा पुरावा आहे, असा शेरा मारून त्यांनी सही केली. मालकाने फाटकावर पाटी लावली: 'आमचा कामगार, ठणठणीत कामगार.' धुराने ती महिन्यात वाचता येईनाशी झाली, हा भाग निराळा.

गल्ली खूश. जावईबापूंना सलूनपर्यंत सोडायला आता दोघं-तिघं जात.

त्यानंतर भिंगरीची गिरकी बंद झाली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. पोरगी पाणी न सांडता यायला लागली, तर आत्याला वाटलं, मोठी झाली. मग ती पोट धरून बसायला लागली. जेवायला नको, खेळायला नको, कोणी हाक मारली की अंगावर धावून यायची. पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबायची आणि पुढचा आकडा कोणी चोरला असावा तशी इकडेतिकडे बघायची. एक दिवस सपाट अंगणात पाय अडखळून पडली.

आत्याने असली पोटं हजार बघितली होती. मोठ्या माणसाच्या भट्टीपोटाला तिने नेहमी हसूनच वाटेला लावलं होतं. पण हे पोट भट्टीवर कधी गेलंच नव्हतं. मग हे आलं कुठून? आत्याने दुधाचा पेला वाढवला. शेजारणीकडून तिच्या वाटचंही दूध मागून आणायला लागली. बरणी आता गळ्यापर्यंत भरून घरी यायची.

शेवटी तिने पोरीला पाठीवर घेतलं आणि पुलापलीकडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर फाटलेला कपडा, दारात न संपणारी रांग. त्यांनी भिंगरीच्या पापण्या ओढून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या.

"आजी, तुम्ही कुठे काम करता?"

"बॅटरीच्या भट्टीवर. पण ही नाही येत तिकडे. हिला मी फाटकाजवळही फिरकू देत नाही."

"कामाचे कपडे घरीच धुता?"

"मग काय मालकाकडे धाडू?"

"इतर पोरांपेक्षा ही काय वेगळं खाते-पिते?"

आत्याने मान ताठ केली. "दूध पिते. कंपनीचं. गल्लीत एवढं दूध कोणाच्या पोराला नाही." आणि पोरीसाठी सोबत आणलेली बरणी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी बरणी हातात घेतली. उलटी करून बुडाकडे पाहिलं. तिथला करडा, मऊ डाग नखाने खरवडला. नखावर चमक आली.

"हे काय लावलंय?"

"शिसं. पक्कं बसतं. दुकानातलं चार दिवसांत..." एवढं बोलून आत्या थांबली.

बाई ओरडल्या असत्या तर आत्याने त्यांना दोन ऐकवली असती, आणि निभावलं असतं. त्यांनी नुसती बरणी खाली ठेवली, कोणाचा तरी हात खाली ठेवावा तशी. आत्या बरणीकडे बघत राहिली. आयुष्यभर तिच्याकडे प्रत्येकासाठी एक टोला तयार असायचा. या वेळी टोला कोणाला हाणायचा ते तिला समोरच दिसत होतं, आणि तोंड उघडेना.

"शिसं अंगातून काढायचं औषध आहे," बाई म्हणाल्या. "पण ते मोठ्या इस्पितळात कुलपात असतं. रक्तात शिसं आहे असा कागद पाठवला, तरच देतात. आणि शिसं मोजायचं यंत्र या भागात एकच, तुमच्या कंपनीत." त्यांनी कपाटातून गल्लीच्या तपासणीची प्रत काढली, बोटाने ओळ शोधली, आणि त्यांचं कपाळ आकसलं. "हिच्या रक्तात तर शिसं नाहीच म्हणतायत. हे असं कसं?"

कसं ते आत्याला पाठ होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने मुकादमाला पकडलं, भिंगरीचं स्वतःचं रक्त काढायला लावलं, आणि ती नळी मुठीत धरून ठणठणीत डॉक्टरांसमोर उभी राहिली. डॉक्टरांनी तोंड फिरवून नळी यंत्रात ठेवायला सांगितली. कागद बाहेर आला. त्यांनी तो वाचला, आणि हसले.

"बाई, तुमच्या गल्लीत एवढ्या नळ्या तपासल्या, सगळ्या स्वच्छ. ही एकच घाण. म्हणजे काय झालं?"

"म्हणजे पोरगी आजारी आहे."

"म्हणजे नळी घाण होती. याला विज्ञान म्हणतात. बहुमत ज्याचं, ते खरं." त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. "पोरीला जंताचं औषध द्या. ठणठणीत होईल."

आत्याने विचारलं, "आणि मी असं म्हटलं, की मागच्या नळ्यांतलं रक्त आमचं नव्हतंच?"

"तर मी म्हणेन, की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तोही शिशाने नाही, वयाने." आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

गल्लीत ही बातमी आत्याच्या आधी पोहोचली होती. नळावर तिची बादली पहिली ठेवायला कोणी सरकलं नाही.

"आत्या, तुमची पोरगी आमच्या काळजाचा तुकडा," शेजारीण म्हणाली, "पण तुम्ही तोंड उघडलंत तर सगळ्या घरांना उपास."

"तुझ्या पोराचं पोट दुखत नाही वाटतं?"

"दुखतं. पण कोणाचं नाही दुखत?"

आत्याने बादली उचलली आणि रिकामीच घरी नेली.

इकडे मालकाला एक नवीन चिंता लागली. मालक भट्टीकडे कधी पाठ करूनही उभे राहत नसत. त्यांचा आजार साखरेचा. मोठ्ठा आयुर्विमा उतरवायचा होता, आणि विमा कंपनीला रक्ताचा कागद हवा होता. मालकाने डोकं चालवलं. तपासणीची तारीख अलीकडे ओढली, मुकादमाला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं.

"त्या जावयाचं रक्त म्हणे फार छान आहे."

मुकादम जमिनीकडे बघत राहिला.

"मला सगळं माहीत असतं रे. माझीही एक नळी भर त्याच्याकडून. चिठ्ठी माझ्या नावाची लाव. कुठे बोललास, तर तुला अशी विश्रांती देईन की उठणार नाहीस."

मुकादमाच्या पोटात गुपित राहत नसे. तिथे आधीच शिशाने जागा अडवली होती. संध्याकाळपर्यंत त्याने ते आत्याला सांगितलं. आत्या उंबऱ्यावर बसली होती, भिंगरीचं डोकं मांडीवर. ऐकून ती हसली. ते हसू पाहून मुकादम दोन पावलं मागे सरकला आणि काही न विचारता निघून गेला.

जावईबापू सलूनमधून आले, तेव्हा आत्या म्हणाली, "उद्या तुमचं रक्त नको."

"का? नासलं का?"

"उलट. फार चांगलं आहे, त्यानेच घोटाळा झाला." आणि मग तिने त्यांना सांगितलं. बरणीचं, कागदाचं, कुलपातल्या औषधाचं. कधी नव्हे ते एकही टोमणा न मारता सांगितलं. जावईबापू ऐकत गेले तसे त्यांचे खांदे खाली येत गेले. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. झोपेतही तिच्या कपाळावर आठी होती.

"हिच्या नळीत मी हसत हसत भरलं," ते म्हणाले.

"आणि नळी मी धरली होती. आता रडू नका, तुम्हाला ते शोभत नाही. सुई टोचता येते का?"

"सलूनमध्ये मित्राच्या आईला रोज मीच टोचतो. साखरेची."

"म्हणजे तिकडे काम करता तुम्ही," आत्या म्हणाली. "आमच्यापासून लपवलंत होय?"

तपासणीच्या दिवशी जावईबापूंनी जाहीर केलं, की मागच्या वेळी बायांनी दृष्ट लावली, दोन दिवस चक्कर येत होती. या वेळी रक्त बंद दाराआड काढणार, सोबत फक्त सासूबाई, बिस्किटं भरवायला. गल्लीला ते पटलं. एवढ्या मौल्यवान माणसाचे नखरे सहन करायलाच हवेत. मुकादम ट्रे देऊन दाराबाहेर पहाऱ्याला बसला, आणि त्याने आत काय चाललंय ते न बघण्याची विशेष काळजी घेतली.

आत आत्या खुर्चीत बसली आणि डावा हात पुढे केला. "याच्यातून काढा. फुकट खाणाऱ्याने कधीतरी कामाला यावं."

जावईबापूंनी शीर शोधली. रक्त गडद, हट्टी, सावकाश येणारं. नळीमागून नळी भरली. मध्ये एकदा आत्याचे डोळे फिरले, तेव्हा त्यांनी तिला बिस्किट भरवलं, आणि तिने ते गुपचूप खाल्लं. भिंगरीची नळी तेवढी त्यांनी भिंगरीच्याच रक्ताने भरली, तिला मांडीवर घेऊन, तोंडाने पक्ष्याचा आवाज काढत. सगळ्यात शेवटी राहिली मालकाच्या नावाची चिठ्ठी.

"सासूबाई, पुरे आता. पांढऱ्या पडलात."

"त्यांची काठोकाठ भरा," आत्या म्हणाली. "मालक आहेत."

यंत्रातून निघालेला कागद पाहून ठणठणीत डॉक्टरांनी आधी यंत्राला चापट मारली. गल्लीतला एकजात माणूस, रांगत्या पोरांसकट, हातोडा मारून मारून जीर्ण झालेल्या म्हातारीइतका शिशाने भरलेला. "यंत्र बिघडलं," डॉक्टर म्हणाले आणि कागद फाडायला घेतला. एवढ्यात त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिथे मालकाचं नाव होतं. त्याच क्षणी यंत्र दुरुस्त झालं.

मालकाने आकडा वाचला आणि त्यांचं पोट दुखायला लागलं. रक्त जावयाचं भरायला सांगितलंय हे ते विसरले नव्हते. पण साखरेच्या तपासणीला काढलेलं त्यांचं स्वतःचं रक्त मुकादमाने घाबरून नळीत घातलं असेल तर? की डॉक्टरने? भीतीने माणूस आधी शहाणपण सोडतो, मग बाकीचं. दुपारपर्यंत त्यांचं मनगट लुळं पडलं. संध्याकाळी ते गाडीच्या आरशात ओठ वर करून हिरड्या बघत होते, आणि तिथे निळी रेघ आहे असं ड्रायव्हरकडून वदवून घेत होते. ड्रायव्हर पगारी माणूस. तो म्हणाला, "आहे की, चांगली ठसठशीत."

जे औषध भिंगरीला कागद असल्याशिवाय मिळत नव्हतं, ते मालकाच्या एका फोनवर कुलपातून निघालं. मोठ्या इस्पितळातले तज्ज्ञ ते पेटीत घेऊन स्वतः आले. तज्ज्ञ कोरडे, लांबट चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाले, "एवढ्या माणसांचं रक्त एकसारखं मी पाहिलं नाही. सगळ्यांचं माझ्यासमोर काढायचं. पहिलं तुमचं."

मालकाच्या रक्तात शिशाचा कणही नव्हता. साखर मात्र पाकाएवढी होती.

"तुम्हाला काही झालेलं नाही," तज्ज्ञ म्हणाले.

"कागदावर काय वाटेल ते येतं," मालक कळवळून म्हणाले. "मला का ते माहीत नाही? माझं पोट बघा. औषध द्या."

"ज्याच्या अंगात शिसं नाही त्याला हे दिलं, तर मूत्रपिंडं जातील."

"जाऊ देत, दोन आहेत."

तज्ज्ञांनी पेटी बंद केली आणि ते गल्लीच्या रांगेकडे वळले. या वेळी दार उघडं होतं, आणि प्रत्येकाने आपापला हात पुढे केला. गल्लीतल्या पोरांचे आकडे येत गेले, तसतसे तज्ज्ञ कमी बोलायला लागले. भिंगरीचा आकडा आला, तेव्हा ते बसले. त्यांनी मालकासाठी आणलेली पेटी उघडली, आणि पोरीला त्याच गाडीत घालून इस्पितळात न्यायला सांगितलं. तिच्यामागे शेजारणीचं पोर, आणि आणखी दोन.

यानंतर भट्टी बंद झाली असं कोणाला वाटत असेल, तर त्याला मालक कळले नाहीत. मालकाने आपली थंडगार खोली तेवढी पुलापलीकडे हलवली. धुराडं जागच्या जागी राहिलं. ठणठणीत डॉक्टरांना बढती मिळाली. शिसं उघडकीला आणलं म्हणून. गल्लीतल्या निम्म्या माणसांना विश्रांती लागली, आणि ती माणसं आत्याशी बोलेनाशी झाली. शेजारीण तेवढी बोलायची, तीही भांडायलाच.

आत्याला स्वतःला विश्रांतीच होती. ती रोज चालत इस्पितळात जायची. जावईबापू तिथे आधीच असत. सलूनला सुट्टी देऊन आता ते पलंगाशेजारच्या बाकावर दिवस काढत, आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत.

तज्ज्ञ एकदा आत्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगातलं बरंचसं निघेल, आजी. त्याने जे नेलं, ते सगळं परत येईल असं सांगू शकत नाही."

"काय नेलं?"

"ते हळूहळू कळेल. शाळेत."

आत्याने मान हलवली आणि वॉर्डात गेली. भिंगरी उशांना टेकून बसली होती. गाल अजून पांढरे, पण नजर तिखट. आत्याने तिच्या केसांवरून हात फिरवायला हात पुढे केला.

"हात धुतलास?" भिंगरीने विचारलं.

"घरून धुऊन आलेय."

"नर्सबाई म्हणाल्या, आजीला आधी इथे धुवायला सांग. साबणाने. नखंपण."

जावईबापूंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सबंध वॉर्ड आता हातोडा कसा पडतो हे बघायला थांबला. आत्या कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली. लुळ्या हाताला चांगल्या हाताने चोळत राहिली, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटाच्या सुरकुत्या. फेस आधी करडा आला, मग पांढरा. परत येऊन तिने दोन्ही पंजे पोरीपुढे धरले.

भिंगरीने ते उलटेसुलटे करून पाहिले. एका नखापाशी तिचं बोट थांबलं.

"इथे आहे अजून," ती म्हणाली.

आत्या मुकाट्याने पुन्हा बेसिनकडे गेली आणि तिने नळ सोडला.